अप्पांचं बोलणं लॅपटॉपात अडकलं तेव्हा

गुरुवार, १४ डिसेंबर २००६. सकाळी साडेसहा. घाटनांदूर, आमच्या घराची पुढची खोली.

हजर: अप्पा, आई, मी आणि समोरच्या कॉम्प्युटर क्लासचे सर. पाच मिनिटांसाठी शेजारच्या काकू.
गैरहजर: माझा धाकटा भाऊ. तो अमेरिकेत होता आणि बरोबर साडेसातला पडद्यावर येणार होता.

हे मी आठवून लिहीत नाही, त्या दिवशीच्या वहीतून उतरवते आहे. ठिबक सिंचनाच्या कंपनीत काम करताना वहीची सवय लागली. कुणाच्या शेतात कधी नळ्या पोचवायच्या, कुणाचा फिल्टर बदलायचा, हे रोज लिहून काढल्याशिवाय बीडचं ऑफिस चालत नसे. त्या गुरुवारच्या पानावर सात कामं आहेत. लाईट सहा ते नऊ. वायर. कॅमेरा चाचणी. अप्पांची दाढी. इस्त्रीचा सदरा. साडेसातला भाऊ. नऊच्या आत सगळं आवरणे.

फोन घरात होता, पण त्याचा उपयोग नव्हता. तीन वर्षांपासून अप्पांना ऐकू येत नव्हतं. कानातलं यंत्र दोनदा आणलं, दोन्ही वेळा त्यांनी ते कपाटात ठेवून दिलं. आत शिट्ट्या वाजतात म्हणायचे. समोर बसून ओठ नीट हलवून बोललं, की मात्र त्यांना बरंचसं कळायचं. मूत्रपिंडं निकामी होत आली होती. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी आठवड्यापूर्वीच घरी घेऊन जायला सांगितलं होतं. भावाचे तिकडचे कागद अडकलेले. देशाबाहेर पडला तर परत आत घेतील याची खात्री नव्हती. जानेवारीत येतो म्हणाला. डॉक्टर जानेवारीबद्दल काही बोलायला तयार नव्हते.

आणि दोघांमध्ये सहा वर्षांचा अबोला होता. आमचं कापडाचं दुकान होतं, आजोबांपासूनचं. भावाने इंजिनियर होऊनही गल्ल्यावर बसावं असं अप्पांचं म्हणणं. तो अमेरिकेला निघाला तेव्हा अप्पा म्हणाले होते, "गेलास तर तोंड दाखवू नको." तो हैदराबादच्या गाडीत बसला तेव्हा स्टेशनवर आई आणि मी होतो, अप्पा आले नाहीत. पुढे दुकान बंद झालं, कान गेले, मग किडन्या. आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एकदा औषध घेताघेता अप्पा मला म्हणाले, "बाई, त्या पोराशी एकदा बोलायचं हाय मला."

मी लगेच कामाला लागले. कंपनीने त्याच वर्षी मला लॅपटॉप दिला होता. लातूरहून कॅमेरा मागवला, पडद्याच्या कडेला चिमट्याने लावायचा. इंटरनेट गावात एकाच ठिकाणी, समोरच्या क्लासमध्ये, पण तिथला जिना उभा. अप्पांना चढवणं शक्य नव्हतं. सर म्हणाले, गल्लीवरून वायर टाकू. सर तिशीचे, उत्साही, दोन लेकरांचे बाप. गावातल्या अर्ध्या मुलींना त्यांनी टायपिंग शिकवलं होतं.

वायर खिडकीतून आली. लॅपटॉपाच्या नेटवर्कच्या जागी ऑफिसचे आकडे होते, ते मी आधी वहीत उतरवले, एकेक टिंब तपासून. मग सरांनी क्लासचे आकडे भरले. इंटरनेट लागलं नाही.

"मोडेम बघून येतो, ताई," म्हणून सर गेले.

तेवढ्या वेळात मी यादीतलं पुढचं काम घेतलं. अप्पांना खुर्चीत बसवलं. दाढी झालेली, कपाळावर भस्म, पांढरा सदरा. काकू चहा घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या.

"अगं बया! आज नवरदेव दिसायलेत की अप्पा!"

अप्पांनी ओठ वाचले. "वरात कुठं न्यायची तेवढं सांगा," म्हणाले.

आई पदराने डोळे पुसत हसली. काकू गेल्या. मी कॅमेरा चालू केला, रेकॉर्डिंगचं बटण दाबलं आणि अप्पा चौकटीत नीट येतात का ते बघायला त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. पडद्यावर एका बाजूला छोट्या खिडकीत अप्पा हलताना दिसत होते. त्या खिडकीच्या मागे, पडदाभर, भावाचा फोटो होता. त्याने पाठवलेला, मुलीला खांद्यावर घेतलेला. तो मीच पडद्यावर कायमचा लावून ठेवला होता.

अप्पा पुढे वाकले आणि बोलायला लागले.

"दिसायलोय का रे मी? ... बारीक झालास. जेवतोस का न्हाई येळंवर? ... हे बघ. दुकान मोडलं ते बरंच झालं. रेडिमेडचा जमाना आला. तू गल्ल्यावर बसला असतास, तर धोतरजोड्या मोजण्यात तुझी जिंदगी गेली असती. मी म्हणलतो तोंड दाखवू नको. ते रागात म्हणलतो. मनातलं न्हवतं ते. ... तू गेलास त्या दिशी मी स्टेशनात आलतो. मालधक्क्यापाशी हुभा हुतो, गाडी सुटस्तोर. तुझ्या आईलाबी मालूम न्हाई."

आईकडे मी बघितलं. तिचा हात बशीवर तसाच राहिला होता.

"पोरगी तुझ्यावर गेली. ... बोल की. ... बोलंनास कावून?"

मग ते थांबले. फोटोकडे बघत राहिले. किती वेळ, ते पुढे मला सेकंदात कळलं: अडतीस. मग म्हणाले, "जाऊ दी. मी माझं बोललो," आणि खुर्चीचा हात धरून उठले.

मी त्यांना का थांबवलं नाही? मला वाटलं, चांगलं झालं, तालीम झाली. साडेसातला हेच पुन्हा बोलतील, आणखी मोकळं बोलतील. तेव्हा पावणेसात वाजले होते. "अजून लागायचंय, अप्पा," असं मी म्हणाले, पण रेकॉर्डिंग बंद करताकरता, पाठमोरी. पाठमोऱ्या माणसाचं त्यांना काही कळत नसे, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. फाईलला नाव दिलं, 'चाचणी'. यादीतल्या तिसऱ्या कामावर खूण केली.

सर धापा टाकत आले. "मोडेम चांगला हाय. ताई, तुमचा लॅपटॉप डोमेनमधी हाय ना, म्हणून आडवतोय. त्यो कंपनीच्या घरातला झाला. आपल्या वर्कग्रुपात घ्यावा लागंल."

"घेता येतो?"

"का न्हाई येत? नाव बदलायचं फक्त."

क्लासमधले बारा कॉम्प्युटर त्यांनी असेच एका गटात घेतले होते. तिथे नवीन कॉम्प्युटर आला, की आधी त्याला गटात घ्यायचं आणि मग वायर लावायची, ही त्यांची पद्धत. मला ते पटलं. पाहुणा घरात आला की आधी आपल्या पंगतीत बसवायचा, तसं. कंपनीचं नाव काढलं, क्लासचं घातलं. पडद्यावर इंग्रजीत चार ओळींची सूचना आली. खताच्या पोत्यामागची बारीक अक्षरंसुद्धा वाचणारी मी. सात वाजून बारा मिनिटं झाली होती. सर म्हणाले, "ओके करा." मी ओके केलं.

लॅपटॉप बंद होऊन पुन्हा सुरू झाला आणि त्याने नाव विचारलं. माझं नाव घातलं, पासवर्ड घातला. नाही. पुन्हा. नाही. आधी खाली कंपनीचं नाव निवडायची एक पट्टी असायची, ती गेली होती. सरांनी त्यांना येत होते तेवढे सगळे पासवर्ड टाकून बघितले. साडेसात झाले, पावणेआठ झाले. फोन वाजला. भाऊ.

"ताई, मी बसलोय इथं. दिसंना कुणी."

"थोडं थांब."

नऊला लाईट गेली. "उद्या," मी त्याला सांगितलं. "उद्या ह्याच वेळेला, सरांचा कॉम्प्युटर घरी आणून." लगेच वहीत दुसऱ्या दिवसाचं पान उघडलं आणि ते लिहिलं. आतल्या खोलीत अप्पा कॉटवर पडले होते. सदरा बदलला नव्हता.

शुक्रवारी सकाळी सरांनी क्लासमधला कॉम्प्युटर दोन फेऱ्यांत आणून मांडला. सव्वासातला सगळं चालू झालं. भाऊ दिसायला लागला, तुटक तुटक, पण खरा. मी अप्पांना उठवायला गेले.

"आज कशाला?" अप्पा म्हणाले. "काल बोलणं झालं की."

मी समोर बसून सावकाश सांगितलं, काल तो नव्हता. त्यांनी मान हलवली, पण कळल्यासारखी नाही. मी वहीचं पान फाडून मोठ्या अक्षरात लिहिलं: काल तो नव्हता. तो फोटो होता.

अप्पांनी चष्मा लावून वाचलं. दोनदा वाचलं.

"फोटो व्हता, तर मग तू मला बोलू कावून दिलंस?"

मी कागद उलटा करून पेन टेकवलं.

"भावाची बाजू घेऊ नको, बाई. देवानं मला बहिरं केलंय, येडं न्हाई. मी एवढं बोललो. त्यानं तोंडातून एक अक्षर काढलं न्हाई."

"अवो, नव्हता तो," आई त्यांचा हात धरून ओरडायला लागली. "कसं सांगावं ह्या माणसाला! नव्हता!"

अप्पांनी हात सोडवून घेतला आणि भिंतीकडे तोंड करून पडले. मी आणि सरांनी टेबल ओढत आतल्या खोलीच्या दारापर्यंत आणलं. वाटलं, आवाज नाही तर नाही, एकदा वळून बघितलं तरी पुरे. कॅमेरा कॉटकडे केला. भाऊ पडद्यावरून "अप्पा, अप्पा" म्हणत राहिला. ते त्यांना ऐकू जाणार नव्हतं. मी खांद्याला हात लावला. त्यांनी शाल वर ओढली.

"झोपलेत का?" भावाने विचारलं.

"हो," मी म्हणाले.

रविवारी दुपारी अप्पा गेले. आमच्या लिंगायतांत देह बसवून पुरतात. त्यांना भिंतीशी बसवलं, भस्म लावलं, गळ्यात लिंग होतंच. संध्याकाळच्या आत माती झाली. लेकाच्या हाताची माती चुलतभावाने दिली.

सोमवारी सकाळी मी कंपनीच्या औरंगाबादच्या कचेरीत, कॉम्प्युटर विभागाला फोन केला. गुरुवारीही केला होता. तेव्हा विभागाचे साहेब दौऱ्यावर होते आणि फोनवर पासवर्ड देता येत नाही असं सांगितलं होतं. आता साहेब स्वतः बोलले. "मशीन पाठवून द्या. सेटिंगमध्ये छेडछाड झालेलं मशीन आम्ही पूर्ण पुसतो, नव्याने भरतो. दोन दिवसांत परत."

"पुसतो म्हणजे आतल्या फाईली?"

"जातात. ऑफिसच्या कामाची प्रत आहे ना तुमच्याकडे?"

ऑफिसच्या कामाची प्रत होती. दर शनिवारी काढत असे. 'चाचणी'ची नव्हती.

आमच्या घरात सुतक पाळत नाहीत, त्यामुळे अडवायला कुणी नव्हतं, तरी मंगळवारी पहाटे मी बॅग घेऊन निघाले तेव्हा काकू म्हणाल्याच, "तिसरा दिवस न्हाई सरला आन ही हापिसला निघाली." अंबाजोगाई, बीड, तिथून औरंगाबादची गाडी. गेवराईला वाळूच्या ट्रकांनी रस्ता तासभर अडवला. लॅपटॉपची बॅग मी वरच्या फळीवर ठेवली नाही. वाटेत कागदावर मुद्दे लिहिले: काय झालं, कोणत्या क्रमाने, काय मागायचं. पुसू नका. एक फाईल. नाव चाचणी. दोन मिनिटांच्या आसपास.

विभागात साहेब नव्हते. पन्नाशीचे एक गृहस्थ होते, स्वेटर घातलेले. मी कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी वाचला.

"मॅडम, नियम पुसायचा आहे."

"माहीत आहे."

"ह्या फाईलीत काय आहे?"

"वडिलांचं बोलणं. परवा गेले ते."

त्यांनी कागद घडी करून टेबलाच्या खणात ठेवला. "साहेब जेवून येईपर्यंत बघतो," म्हणाले. लॅपटॉप स्वतःकडे वळवून त्यांनी मुख्य पासवर्ड टाकला. मी खिडकीकडे बघितलं. मशीन उघडलं. त्यांनी क्लासचं नाव काढलं, कंपनीचं घातलं, पुन्हा सुरू केलं. खाली ती पट्टी परत आली. "आता तुम्ही," म्हणून त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. मी नाव घातलं, पासवर्ड घातला आणि भाऊ समोर आला, मुलीला खांद्यावर घेतलेला.

"डोमेन कुणी काढलं?"

"मीच. इंटरनेट लागत नव्हतं."

त्यांनी दोन खिडक्या उघडून बघितल्या. सरांनी भरलेले आकडे अजून तसेच होते. "आकडे बरोबर भरलेत. हे बघा, इथे एक खूण असते. ऑफिसात आपलं इंटरनेट एका मशीनमधून येतं. ही खूण असली की लॅपटॉप तेच मशीन शोधत बसतो. घरी ते कुठून सापडणार? एवढी खूण काढली असती, तर लागलं असतं. डोमेनचा काही संबंध नव्हता."

मी वही उघडली आणि ते लिहून घेतलं. का लिहून घेतलं, कोण जाणे. हात गेला.

"फाईल चालते का बघून घ्या," ते म्हणाले.

ऐकू न येणारी माणसं मोठ्याने बोलतात. "दिसायलोय का रे मी?" हे सगळ्या विभागात ऐकू गेलं. दोन-तीन माना वळल्या. गृहस्थांनी चटकन आवाज कमी केला आणि पाणी आणायला म्हणून उठून गेले. ते बराच वेळ आले नाहीत. अडतीस सेकंद मी तिथेच मोजले, कोपऱ्यातल्या आकड्यावर. अप्पा बघताहेत, बघताहेत. "जाऊ दी."

परत येऊन त्या गृहस्थांनी मला ती फाईल एका सीडीवर काढून दिली, वर एक जास्तीची. मग साहेब आले आणि नियमाप्रमाणे लॅपटॉप पुसला गेला. पुढच्या महिन्यात विनापरवानगी सेटिंग बदलल्याबद्दल लेखी खुलासा मागवला, तो मी दिला.

घरी आईने विचारलं, "मिळालं?"

"मिळालं."

"मग धाड त्याला."

फाईल मेलने जाण्याइतकी लहान नव्हती, हे पहिलं कारण. सीडी पोस्टाने फुटेल, हे दुसरं. दोन्ही कारणं खरी होती आणि दोन्ही मी चार दिवसांत सोडवू शकले असते.

दोन वर्षांनी कागद मोकळे झाल्यावर भाऊ आला, बायकोमुलीला घेऊन. समाधीवर जाऊन आला. दुपारी पुढच्या खोलीत आम्ही दोघंच होतो.

"ताई, एक विचारू? ते झोपले नव्हते ना त्या दिवशी?"

"गुंगी होती रे. औषधाची."

"त्यांनी शाल वर ओढली. मला दिसलं होतं."

"गुंगीत माणूस ओढतो."

"सहा वर्षांनी बापाला बघायला बसलो आन पाठ बघितली," तो म्हणाला. "जाऊ दे. मालूम होतं मला, ते काही माफ करणार नव्हते."

सीडी त्याच खोलीतल्या कपाटात होती, वरच्या कप्प्यात, पिशवीत घालून, वर तारीख लिहून. चार पावलं. ती लावली असती, तर अप्पांनी त्याला केव्हाच माफ केलं होतं, हे त्याला त्यांच्याच तोंडून कळलं असतं. मालधक्का कळला असता. आणि त्याच्याच पुढच्या अर्ध्या मिनिटात हेही कळलं असतं, की आपला मुलगा आपल्याशी बोलला नाही असं समजून अप्पा गेले. आणि ते माझ्यामुळे. मी उठले, चहा टाकला.

मुंबईहून त्याचं विमान सुटल्यावर आई म्हणाली, "शेवटचं काप आन दे. 'पोरगी तुझ्यावर गेली' म्हणतेत, तितपर्यंत दे." मी तशी प्रत केलीही. कापायला दहा मिनिटं लागली. नंतर ती लावून बघितली. अप्पा बोलतात आणि मध्येच संपतात. आयुष्यात त्यांनी एवढं एकदाच सलग बोललेलं. त्यातलं काय ठेवायचं आणि काय नाही, हे ठरवणारी मी कोण, असं वाटलं. कापलेली पुसून टाकली.

आता आई नाही. सर लातूरला गेले, तिथे मोठा क्लास चालवतात. सीडीवरून पेनड्राईव्हवर, पेनड्राईव्हवरून फोनवर. वस्तू जुनी व्हायच्या आत मी ती फाईल दर वेळी नव्या जागी नेली आहे आणि चालते का ते बघितलं आहे. भावाचा फोन दर रविवारी येतो. चेहरा दिसतो, अगदी स्वच्छ, तुटत नाही. आता तोही दाढी पिकलेला झालाय. आम्ही मुलीच्या कॉलेजचं बोलतो, गुडघ्यांचं बोलतो. फाईल त्याच फोनमध्ये असते. पाठवायला बोटाचं काम आहे.

दर एक जानेवारीला मी राहिलेली कामं नव्या वहीत उतरवते. यंदाच्या वहीत नऊ उतरली. आठ झाली. राहिलेलं एक: धाकट्याला अप्पांचं बोलणं देणे, पूर्ण.